थोरल्याचा नारळ

अमरावतीला समुद्र नाही, आणि त्यावाचून तिथं कुणाचं काही अडल्याचं ऐकिवात नाही. अडायचं ते एकट्या जानोजी दोरवाल्याचं, तेही वर्षातून एकदाच. श्रावणी पौर्णिमेला तो बाजारातून नारळ आणायचा. मुंबईहून बैलगाडीवर महिना-दीड महिना खडखडत आलेल्या त्या नारळातलं पाणी आटलेलं असायचं आणि किंमत तेवढी वाढलेली असायची. जानोजी त्याला हळदकुंकू लावायचा, राजापेठेपलीकडच्या नाल्यात गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि नारळ सोडून द्यायचा. नाला त्याला फार लांब नेत नसे. पुढच्याच वळणावर बाभळीच्या मुळांत तो अडकायचा, धुणं धुणाऱ्या बायांपैकी कुणीतरी तो काढून घ्यायची, आणि त्या दिवशी एका घरी खोबऱ्याची चटणी व्हायची. अशा चोवीस चटण्या जानोजीच्या भक्तीतून अमरावतीकरांनी खाल्ल्या.

"जानोजी, समुद्राले निरोप धाडून राहिले का नाल्यातून?" शेजारचे महादेवराव दरवर्षी विचारायचे. त्यांची नाल्याकाठी चाळीस एकर काळी जमीन होती आणि विनोद एकच होता.

"पोचंन कधी ना कधी," जानोजी म्हणायचा. "उताराचंच पानी हाय."

तो मूळचा समुद्रकाठचा. मुंबईच्या खाली, अष्टागराच्या बाजूला भाटखार नावाचं गाव आहे, तिथल्या माळ्याचा मुलगा. घरची नारळाची वाडी, आणि जोडीला काथ्याचे दोर वळायचा धंदा. बाप वारला तेव्हा जानू बाविशीत होता. भाटखारच्या माळ्यांत अशी रीत की नारळीपौर्णिमेला प्रत्येक घरच्या थोरल्यानं घराण्यातल्या सगळ्यांची नावं घेऊन नारळ समुद्रात सोडायचा. दुसऱ्या कुणी सोडला तर समुद्र तो घेत नाही, परत आणून टाकतो. बाप चैत्रात गेला, म्हणजे त्या श्रावणातला नारळ जानूचा पहिला. वैशाखात तो दोराची भेंडोळी घेऊन मुंबईला विकायला गेला. तिथं अमरावतीच्या एका कापूसवाल्याच्या मुनीमानं त्याचे दोर ओढून पाहिले, मग त्याचे हात पाहिले, आणि म्हणाला, दोन महिने चल, आमच्या माणसांना गठाणी बांधायचे दोर वळायला शिकव. पौर्णिमेच्या आत परत येतोस.

दोन महिन्यांची चोवीस वर्षं कशी होतात हे जानोजीला कुणी विचारलं तर त्याला नीट सांगता येत नसे. वऱ्हाडात नारळ नव्हता, पण अंबाडी होती. तिचा वाख काथ्यापेक्षा मऊ निघाला. पहिल्या पावसाळ्यात रस्ते बंद झाले. दुसऱ्या वर्षी हिवताप आला. तिसऱ्या वर्षी राजापेठेकडच्या मळ्यातली पार्बताबाई आली. ती तरुणपणीच विधवा झालेली, वांगी विकणारी, आणि कुणाला न घाबरणारी. कोकणातला माळी आणि वऱ्हाडातला माळी यांत जे काही अंतर होतं ते जातपंचायतीला दोन पंगतींत पार करता आलं, आणि पाट लागला. मुलगी झाली, जमुना. घरी निरोप म्हणाल तर एका गाडीवानाबरोबर पाठवला होता. गाडीवान मुंबईला पोचला की नाही ते कळलं नाही. तो अमरावतीला परत आला नाही एवढं खरं. गावचा जानू वऱ्हाडात जानोजी झाला, आणि आपला पहिला नारळ अजून सोडायचा राहिला आहे ही गोष्ट त्याच्या मनात फणसाच्या चिकासारखी चिकटून राहिली. नाल्यातले नारळ तो हिशेबात धरत नव्हता.

शेवटी जायचं ठरलं ते आगगाडीमुळे आणि थोडं मंदीमुळे. दूर सातासमुद्रापलीकडच्या, कापूस पिकवणाऱ्या कुठल्याशा मुलखात भाऊ-भाऊ आपसात लढत होते, तोवर वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव होता. त्या चार वर्षांत जानोजीला दोर पुरवता पुरवेना. मग त्या भावांनी समेट केला. अमरावतीच्या बाजारात या समेटाबद्दल इतकी हळहळ झाली की सख्ख्यांच्या भांडणातही होत नाही. श्रावण तोंडावर आला तरी जानोजीकडे पुढल्या हंगामाच्या दोराला कुणी विचारलं नाही. तेव्हा तो पार्बताबाईला म्हणाला, "या साली नारळ खऱ्या समुद्रात सोडून येऊ."

"या साली?" ती म्हणाली. "चोवीस साल समुद्र थांबला, अन् आता चिखलात बैलं फसवाले निंगाले. मी बी येतो. एकट्याले सोडलं तं तुमी दोन महिन्यांसाठी जान."

रूळ तेव्हा पश्चिमेकडून वऱ्हाडात येत होते. जानोजी आणि पार्बताबाई बैलगाडीनं रुळांकडे निघाले, आणि जिथं बैलगाडीची आणि रुळांची गाठ पडली तिथं आगगाडीत बसले. वाटेत अकोल्याला जमुनाच्या घरी दोन दिवस मुक्काम झाला. तिच्या सासऱ्यांनी तेजीत दिवाणखान्याला रंगीत काचा लावल्या होत्या. मंदीत त्या काचांतून पाहिलं तरी बाजार तसाच दिसत होता. निघताना जमुना म्हणाली, "आबा, तिकडच राहाचा बेत नाई न?"

"नाई वो माय. थोरल्याचा नारळ हाय, तो सोडतो अन् येतो."

"काकांनं सोडला असंन न इतके साल?"

"त्यानं सोडून चालत नाई. थोरला मी हाओ."

ही गोष्ट इतकी उघड होती की पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मुंबईत पार्बताबाईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला.  मग तिनं वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "एवढं पानी," ती म्हणाली, "अन् एक वांगं बी होनार नाई यच्यावर." जानोजीला राग आला. मचव्यातून खाडीपार आणि पुढं चिखलवाटेनं चालत पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती दोघं भाटखारला पोचली.

पोचली असं जानोजीला वाटत नव्हतं. गाव ओळखायची खूण म्हणजे टेकडी. लांबून पाहिली तर पालथ्या घातलेल्या टोपलीसारखी दिसायची. चोवीस वर्षं डोळे मिटले की ती जशीच्या तशी उभी राहायची. आता डोळे उघडे होते आणि टेकडी नव्हती. म्हणजे अर्धी होती. अर्ध्या जागी लाल खड्डा होता आणि त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. वाटेवरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की टेकडी मुंबईला गेली. तिथं समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या होत्या, त्यांना दगड लागत होता. तीन वर्षं गावचे पडाव मासळी सोडून टेकडी वाहत होते. आता कंपन्या बुडाल्या.

"मग टेकडी?"

"ती पण बुडाली," म्हातारा म्हणाला.

पुढं एका घराच्या भिंती माणूसभर उठून थांबल्या होत्या आणि त्यांवर पडवळाचे वेल चढले होते. हे घर बांधणारा कंपनीच्या भागीदारीचे कागद विकत घेऊन धनी झाला होता आणि त्याच कागदांनी पुन्हा होता तसा झाला होता. देवळापुढचा रहाट, ज्याच्या कुरकुरीवर जानू लहानपणी झोपायचा, मुका होता. विहिरीचं पाणी खारं झालं होतं. किनाऱ्याची वाट समुद्रानं खाल्ली होती. एक गोष्ट मात्र वाढली होती. जिकडे तिकडे दोर. पूर्वी दोन घरं दोर वळायची, आता प्रत्येक कुंपणाला काथ्या वाळत होता, कारण मुंबईच्या कापसाच्या गठाणींना दोर लागत होते. जानोजीनं गाव सोडून जे केलं तेच गावानं जागेवर बसून केलं होतं. हे कळल्यावर त्याला उगीचच फसवल्यासारखं झालं.

घराची जागा तीच होती. अंगणात धाकट्या भावाची, हिराजीची, बायको साळूबाई सुपात तांदूळ निवडत होती. जानोजीनं तिला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. तो गेल्यावर ती या घरात आली. त्यानं आपलं नाव सांगितलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. जानोजीचे सुलटे होते. पण या घरातले पुरुष दोर वळताना दिवसभर मागं मागं चालतात, त्यामुळे पायांवरून इथं काही ठरत नाही असा विचार करून ती आत पळाली आणि नवऱ्याला घेऊन आली.

हिराजी जानोजीपेक्षा चार वर्षांनी धाकटा. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि तो हुबेहूब बापासारखा दिसत होता.

"हिऱ्या," जानोजी म्हणाला, "मले वळखलं नाई का?"

"माझा दादा असा बोलायचा नाय," हिराजी म्हणाला. तो उंबऱ्याच्या आतच थांबला होता. त्यानं वळचणीचा काथ्याचा एक पुंजका घेतला आणि अंगणात टाकला.

जानोजी खाली बसला. अंबाडीच्या सवयीनं हात आधी थोडे अडखळले, काथ्या बोचला, मग हातांना आठवलं. वीतभर दोर झाला. हिराजीनं तो उचलला, पीळ उलगडला, पुन्हा बसवला, पुन्हा उलगडला. बापाचा पीळ त्या गावात दोघांनाच जमत होता, आणि त्यातला एक मेलेला होता.

"दादा," हिराजी म्हणाला. पुढं आला, पण दोन हातांवर थांबला. "दादा, तुजं सगलं केलं रे आमी. बारा वर्सं झाली त्याला."

काय केलं ते हळूहळू कळलं. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की त्याला मेला धरावं असं शास्त्र आहे. बारा वर्षं हिराजीनं वाट पाहिली, तेराव्यात भटजींनी पळसाच्या तीनशेसाठ पानांचा पुतळा करवला. किनाऱ्यावर पळस कमी, पानं डोंगरातून आणावी लागली. जानोजीच्या अमरावतीला चहूकडे पळसच पळस. हे त्याच्या मनात आलं, पण सांगण्याची वेळ नव्हती. पुतळ्याला अंघोळ घातली, तो जाळला, दहा दिवस सुतक पाळलं, तेरावं घातलं. गाव जेवलं. तेव्हापासून दर भाद्रपदात पितरांच्या पानांत एक पान जानूचं असायचं.

"जित्या मानसाचं?" पार्बताबाई म्हणाली. "अन् हे तिकडं माह्या हातची भाकर खाऊन राहिले होते, तं मंग मी काय विधवाच होतो का?"

"तुझं काय ते भटजीला विचारू," जानोजी म्हणाला.

भटजी वृद्ध होते. त्यांनीच पुतळा जाळला होता, आणि आपण जाळलेलं माणूस समोर बसलेलं पाहून त्यांना जराही संकोच वाटला नाही.

"जिवंत आहेस हे दिसतंच आहे," ते म्हणाले. "प्रश्न तो नाही. तू मेलास हे विधीनं झालेलं आहे, आता जगायचं तर तेही विधीनंच झालं पाहिजे. तोवर घरात पाऊल टाकू नकोस, देवाला शिवू नकोस, पंगतीत बसू नकोस."

उपाय शास्त्रात होता. परत आलेल्या मृतानं तुपाच्या कुंडात बसायचं, म्हणजे तो गर्भात गेला. बाहेर यायचं, म्हणजे जन्मला. मग बारसं, जावळ, सगळे संस्कार ओळीनं, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. भाटखारमध्ये कुंडभर तूप नव्हतं. वाटीभर तूप आणि वर खोबरेल, देशकाल पाहून चालेल असं भटजींनी ठरवलं. सकाळी सुरू केलं तर दुपारच्या भरतीआधी जानोजी जन्मून, वाढून, लग्न होऊन मोकळा होणार होता.

"पुन्यांदा लगन?" पार्बताबाई म्हणाली. "म्हंजे यावक्ती मले विचारतीन?"

"विचारावं लागेल," भटजी म्हणाले.

"मंग मी इचार करून सांगतो."

जानोजीनं आपल्याला हवं ते विचारलं. "अन् नारळ मी सोडायचा न उद्या? थोरल्याचा."

भटजींनी मान हलवली. "उद्या जन्मलास म्हणजे तू उद्याचा. हिराजी बेचाळीस वर्षांचा आहे. थोरला तो. नारळ त्याचा."

"अन् जन्मलो नाई तं?"

"तर तू थोरलाच. पण मेलेला. मेलेल्याच्या हातचा नारळ कसा चालेल?"

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. चोवीस वर्षं ज्यासाठी जानोजी कासावीस होता ती गोष्ट दोन्ही वाटांनी बंद झाली, आणि बंद करणारा माणूस पळीपंचपात्र आवरून निघून गेला.

दुपारी त्याला वाडीतल्या दोराच्या पडवीत जेवायला वाढलं. साळूबाईनं पान दुरून सरकवलं. पानात अळूचं फदफदं होतं, भरपूर. "तुमच्या आवडीचं," ती म्हणाली. "दर साली पानात असतंच." जानोजीला अळू कधीच आवडलं नव्हतं, घशात खाजायचं. अळू आवडायचं हिराजीला. बारा वर्षं भावानं आपली आवड भावाच्या पानावर वाढली होती आणि कावळ्यांनी ती खाल्ली होती. जानोजीनं सगळं फदफदं संपवलं. घसा खाजला.

जेवण झाल्यावर हिराजी आला आणि फिरकीपाशी बसला. दोर वळायला दोघं लागतात: एक फिरकी फिरवतो, दुसरा काथ्याचा पुंजका कमरेला लावून तंतू सोडत सोडत मागं चालत जातो. फिरकीवर धाकटा, चालायला थोरला, ही बापाच्या वेळची विभागणी. जानोजी उठला, त्यानं काथ्या कमरेला बांधला आणि मागं पाऊल टाकलं.

"बोट का नाय पाठवलंस कुनाकडून?" हिराजीनं विचारलं. बोट म्हणजे निरोप, अंगठ्याचा ठसा. दोघांत पाच-सहा हातांचं अंतर होतं.

"पाठवला होता एक निरोप. मंग लाज वाटली."

"कशाची?"

"पैल्या साली यायचं राह्यलं. दुसऱ्या साली पैल्या सालची लाज. तिसऱ्या साली दोन सालची."

दोर लांबत होता. एकेका पावलानं हिराजी लहान होत चालला होता, आणि ऐकू जावं म्हणून दोघांनाही आवाज चढवावा लागत होता. ही त्या धंद्याची अडचण आहे. हळू बोलायच्या गोष्टी दोर आखूड असतानाच बोलून घ्याव्या लागतात.

"तेराव्याच्या आधी," हिराजी ओरडला, "दहाव्याला, कावला शिवंना."

"काय?"

"कावला! पिंडाला शिवंना! सकालपासनं दुपार झाली. सगले बोलले, जानूचं काहीतरी मागं राहिलंय, बोला. मी बोललो, वाडीतली तुजी वाटनी ठेवीन. शिवला नाय. बोललो, तुजा माड तोडनार नाय. शिवला नाय."

कावळ्याचा अंदाज बरोबर होता, हे जानोजीच्या मनात आलं. आपण तेव्हा अमरावतीत जिवंत होतो आणि त्या सगळ्या जमावात हे एकट्या कावळ्याला ठाऊक होतं.

"मग?" तो ओरडला. आता तो वाडीच्या मधोमध होता. स्वयंपाकघरात साळूबाई आणि पार्बताबाई हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. शेजारच्या कुंपणाशी कुणीतरी खाकरलं.

"मग मी बोललो, दादा, नारल मी सोडीन तो माज्या नावानं नाय. थोरला म्हनून तुजंच नाव घेईन, मी मरंस्तोवर. तवा शिवला."

जानोजीचं पाऊल मागं पडायचं थांबलं. दोर सैल पडला.

"तान धर," हिराजी सवयीनं म्हणाला, आणि मग, "बारा वर्सं तुज्याच नावानं सोडला. एकदा पन परत नाय आला."

जानोजीनं ताण धरला. तो मागं चालत गेला, वाडीच्या टोकापर्यंत, जिथं पूर्वी वाट होती आणि आता समुद्र होता. दोघांमध्ये शंभर हात दोर होता आणि तो दोन्ही टोकांनी घट्ट होता. हिराजीचं तोंड तिथून दिसत नव्हतं, फिरकीवरचा हात फिरताना दिसत होता.

"हिऱ्या," तो ओरडला, "उद्याचं तूप राहू दे."

"आँ?"

"तूप! राहू दे! मी जन्मत नाई!"

हे सगळ्या आळीनं ऐकलं. जन्माला येणं न येणं या गोष्टीचा असा पुकारा भाटखारमध्ये आधी कधी झाला नव्हता.

पार्बताबाई पडवीत आली तेव्हा तो दोर गुंडाळत होता. "कावून नाई म्हटलं?" तिनं विचारलं. "घरात जाता आलं असतं. भावाच्या गळ्यात पडता आलं असतं. चार दिस पंगतीत बसले असते."

"जन्मलो तं तो थोरला होते. मंग तो नारळ त्याच्या नावाचा. माहं नाव सुटलं."

"अन् नाई जन्मले तं तुमच्या हातात नारळ येत नाई."

"हातात नाई येत."

ती त्याच्याजवळ बसली. दोराचं टोक हातात घेऊन म्हणाली, "चांगलं झालं एका परीनं. मी हो म्हटलं असतं का नाई, मालूम नोतं मले."

पौर्णिमेला आभाळ उघडं होतं. सगळं गाव किनाऱ्यावर आलं. घराघरांचे थोरले धोतरं खोचून पाण्यात उतरले. जानोजी आणि पार्बताबाई लांब, वाळूच्या उंचवट्यावर उभी राहिली, मेलेल्यांना शोभेल एवढ्या अंतरावर. गावात बातमी पसरली होती. लोक चोरून बघत होते, आणि जानोजी नजरेला नजर देत नव्हता. हिराजी कमरेइतक्या पाण्यात गेला. त्याच्या हातात सोनेरी कागद लावलेला नारळ होता. वारा किनाऱ्याकडे होता, त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. त्यानं आज्याचं नाव घेतलं. बापाचं घेतलं. मग त्यानं नारळ डोक्याइतका उंच धरला आणि म्हणाला, "थोरला जानू."

आणि थांबला. थांबायचं काही कारण नव्हतं. नाव घेतलं की नारळ सोडायचा. पण तो नारळ धरून तसाच उभा राहिला, पाठ किनाऱ्याकडे, आणि एक लाट येऊन गेली, दुसरी येऊन गेली.

"ओ," जानोजी म्हणाला.

मोठ्यानं नाही. अंगणातून आईनं हाक मारली की मुलगा देतो तेवढ्याच आवाजात. वाऱ्याविरुद्ध तो पाण्यापर्यंत पोचला असेल की नाही कुणास ठाऊक. पण हिराजीनं हात उघडले, आणि नारळ पाण्यावर गेला. मेलेल्या माणसानं ओ दिल्यास काय करावं याला भटजींकडे वचन नव्हतं. समुद्राच्या आवाजात आपल्याला काही ऐकू आलं नाही असं त्यांनी पुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. नारळ लाटांवर वरखाली होत होत बराच वेळ दिसत राहिला. जानोजी त्याच्याकडे पाहत होता. नाल्यातला असता तर एव्हाना बाभळीत अडकला असता. हा अडकला नाही.

तिसऱ्या दिवशी ती दोघं निघाली. हिराजी खाडीपर्यंत पोचवायला आला. मचवा सुटताना, सगळ्यांदेखत, शास्त्र बाजूला ठेवून त्यानं भावाच्या पायांना हात लावला. मेलेल्याला नमस्कार करायला हरकत नसते, असं त्यानं नंतर घरी सांगितलं.

अमरावतीला परतल्यावर जानोजीनं नाल्यात नारळ सोडायचं बंद केलं. धुणं धुणाऱ्या बायांनी चौकशी केली, महादेवरावांचा विनोद पडून राहिला. "माहा तिकडं सुटते," एवढंच तो सांगायचा. पुढं वाफेवर चालणारी दाबयंत्रं आली, गठाणींना लोखंडी पट्ट्या लागल्या, आणि त्याचे दोर विहिरींपुरते आणि बैलांपुरते उरले. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आठ वर्षांनी माघात तो गेला, चार दिवसांच्या तापानं, पार्बताबाईच्या मांडीवर. यावेळी पळसाची पानं लागली नाहीत.

भाटखारला कळवावं का, असं जमुनानं आईला विचारलं.  "कायले?" पार्बताबाई म्हणाली. "त्यायचं सगळं करून झालं हाय." त्यामुळे निरोप गेला नाही.

हिराजी त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि दर श्रावणी पौर्णिमेला पाण्यात उतरत राहिला. म्हातारपणी त्याची एक सवय गावात सर्वांना ठाऊक होती. आज्याचं आणि बापाचं नाव तो भराभर घ्यायचा; थोरल्याचं नाव घेतलं की नारळ उंच धरून उभा राहायचा, दोन-तीन लाटा जाईपर्यंत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला दम लागतो. मग तो नारळ सोडायचा.